निवृत्तीनंतर अब्बा काय करतात? टेलिफोन कामगारांनी शोधलेलं एक उत्तर

कंपनीतून निवृत्त होण्याचा दिवस आपल्या घरांत थाटात साजरा होतो. खात्यातली माणसं हार घालतात, शाल देतात, भिंतीवरचं घड्याळ देतात, गाडीतून दारापर्यंत सोडायला येतात. संध्याकाळी बिर्याणी होते, नातेवाईक जमतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी फजरनंतर अब्बा सवयीने डबा कुठे आहे म्हणून विचारतात आणि मग स्वतःच हसतात. पहिले दोन-तीन महिने बरे जातात. पीएफची कागदपत्रं असतात, गावाकडची राहिलेली फेरी असते, एखादं लग्न असतं. त्यानंतर मात्र दळण, भाजी, नातवाला शाळेत सोडणं आणि नाक्यावरचा चहा. घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या कामात ते लक्ष घालू लागतात. "अब्बा, तुम्ही जरा शांत बसा ना," हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकलं असेल, मोजदाद नाही.

ज्यांना आपण शांत बसायला सांगतो, त्यांनी तीस-पस्तीस वर्षं लेथवर सूत-सूत मोजून जॉब काढलेले असतात. कुणी स्टोअरचा हिशेब एका पैशाची चूक न होऊ देता सांभाळलेला असतो, कुणी रात्रपाळीत बंद पडलेली मोटर आवाजावरून ओळखलेली असते. हे सगळं ज्ञान एका संध्याकाळी हार घालून घरी बसवलं जातं. आणि त्याच मोहल्ल्यातल्या शाळेत सहा संगणक धूळ खात पडलेले असतात, कारण ते उघडून बघायला कुणी नसतं.

ही अडचण फक्त आपली नाही. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांच्या जुन्या कामगारांनी यावर एक वाट काढली. ती समजून घेण्यासारखी आहे.

टेलिफोनवाल्यांची संघटना

१९११ साली बोस्टन शहरात टेलिफोन उद्योगातले जुने कर्मचारी एकत्र आले आणि त्यांनी 'टेलिफोन पायोनिअर्स ऑफ अमेरिका' ही संघटना काढली. तिचे पहिले अध्यक्ष थिओडोर वेल. हे त्या वेळी एटी अँड टी या बलाढ्य कंपनीचे प्रमुख होते. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल हेही तिचे सभासद होते. सुरुवातीला सभासद होण्यासाठी या उद्योगात २१ वर्षं काढलेली असावी लागत. हेतू साधा होता, जुन्या माणसांनी भेटावं, जेवावं, जुन्या दिवसांच्या गप्पा माराव्यात. आपल्याकडेही निवृत्तांचे मेळावे होतात, तसंच काहीसं.

जवळजवळ पन्नास वर्षं हे असंच चाललं. १९५८ च्या सुमारास संघटनेने ठरवलं की आता नुसतं भेटायचं नाही, गावाच्या उपयोगी पडायचं. गंमत बघा, माणसं तीच होती, त्यांच्या हातातली कसबंही तीच होती, फक्त भेटण्याचं कारण बदललं.

त्यांचं सर्वांत मोठं काम अंध व्यक्तींसाठी झालं. अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयातर्फे १९३१ पासून अंधांसाठी पुस्तकं पुरवण्याची योजना आहे. पुढे त्यात 'बोलती पुस्तकं' आली, म्हणजे आवाजात ध्वनिमुद्रित केलेली. ती ऐकण्याचं यंत्र वाचकाच्या घरी मोफत, उसनं दिलं जाई. आता यंत्र म्हटलं की ते बिघडणार. वायर तुटते, सुई झिजते, पट्टा सैल होतो. अशी यंत्रं ढिगाने पडून राहू लागली. १९६० पासून टेलिफोन कंपन्यांच्या निवृत्तांनी ती दुरुस्त करायला घेतली. आयुष्यभर खांबावर चढून किंवा एक्स्चेंजमध्ये बसून ज्यांनी तारा जोडल्या, त्यांना हे काम नवीन शिकावं लागलं नाही. त्यांनी लाखो यंत्रं दुरुस्त करून पुन्हा वाचकांच्या हाती दिली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या लोकांची 'एल्फन' नावाची संस्थाही याच कामात उतरली.

शाळांमध्येही ते गेले. मैदानाच्या सिमेंटवर देशाचा भलामोठा रंगीत नकाशा काढायचा, म्हणजे मुलं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात उड्या मारत भूगोल शिकतील, हा त्यांचा आवडता उपक्रम. टेलिफोन ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलेल्या बायकाही संघटनेत होत्याच. घरातून पळवून आणलेल्या, अपघातातून वाचलेल्या, घाबरलेल्या लेकरांच्या हातात पोलिसांनी द्यावं म्हणून सभासदांनी कापडी अस्वलं शिवून दिली. हे वाचताना आम्हाला आपल्या घरातल्या शिवणयंत्रावर बसलेल्या खाला आठवल्या.

आवाज करणारा चेंडू

यातली एक गोष्ट आम्हाला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण तिच्यात यश आहे आणि चूकही आहे.

१९६४ साली चार्ली फेअरबँक्स नावाच्या टेलिफोन इंजिनिअरने एका मोठ्या सॉफ्टबॉलच्या आत बीप-बीप आवाज करणारं छोटं यंत्र बसवलं. अंध मुलांना बेसबॉल खेळता यावा म्हणून. चेंडू कुठून येतोय हे कानाने कळेल, अशी कल्पना. टेलिफोन पायोनिअर्सनी ती उचलून धरली, असे चेंडू बनवले आणि खेळाला 'बीप बेसबॉल' हे नाव मिळालं.

पण खेळ काही जोर धरेना. कारण नियम डोळस माणसांनी बनवले होते आणि फार जपून बनवले होते. अंध मूल धावलं तर पडेल, आपटेल, ही धास्ती. म्हणून धावण्यावर बंधनं, झेप घेण्यावर बंधनं. ज्या पोरांना इतर पोरांसारखं धावायचं होतं, त्यांना हे मिळमिळीत वाटलं. मग १९७० च्या दशकात मिनेसोटा राज्यातल्या अंध खेळाडूंनी आणि त्यांच्या साथीदारांनी नियम बदलून घेतले. आता धावायचं, जमिनीवर झेप घ्यायची, गुडघे फुटले तर फुटू द्यायचे. १९७६ मध्ये या खेळाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

आजचा खेळ असा आहे. चेंडू टाकणारा आणि फलंदाजाच्या मागे उभा राहणारा, हे दोघे डोळस असतात आणि ते फलंदाजाच्याच संघातले असतात. बाकी फलंदाजांच्या आणि क्षेत्ररक्षकांच्या डोळ्यांवर पट्टी, म्हणजे थोडं दिसणाऱ्याला जास्त फायदा नको. चेंडू मारला की मैदानाच्या दोन टोकांना असलेल्या उंच गादीसारख्या खांबांपैकी एक गुणगुणू लागतो. कुठला, ते आधी माहीत नसतं. फलंदाजाने आवाजाच्या दिशेने धावत जाऊन त्याला भिडायचं. तोवर क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात उचलून धरला तर फलंदाज बाद, नाही तर धाव. क्रिकेट बघणाऱ्या आपल्या वाचकांना सांगायला हरकत नाही की अंधांच्या क्रिकेटमध्येही आत छर्रे असलेला, खुळखुळणारा चेंडू असतो. त्या खेळाची सुरुवात १९२२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये झाली आणि तीही कारखान्यातल्या अंध कामगारांनी डब्यात खडे भरून केली.

तर मुद्दा असा की इंजिनिअरचं कसब होतं म्हणून चेंडू झाला. पण तो खेळ झाला तो ज्यांच्यासाठी बनवला त्यांनी "आम्हाला असा नको, तसा हवा" म्हटल्यावर, आणि ते ऐकलं गेल्यावर. आपल्याकडे शाळेत मदत करायला जाणाऱ्या बुजुर्गांनी दुसरी गोष्ट पहिलीइतकीच लक्षात ठेवावी. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या माणसाला ऐकण्याची सवय कमी असते, हे आम्ही आदराने सांगतो.

एका दिवसात घरी आलेले हजारो

टेलिफोनवरून आपल्याकडचीही एक तारीख आठवते. ३१ जानेवारी २०२०. त्या दिवशी बीएसएनएलच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी ही योजना होती. मुंबई-दिल्लीच्या एमटीएनएलमधूनही हजारो बाहेर पडले. पन्नास-बावन्न वर्षांची, धडधाकट, केबल जोडणारी, एक्स्चेंज सांभाळणारी, बिलाच्या खिडकीवर बसलेली माणसं एकाच दिवशी घरी आली. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि घराबाहेर पडायचीही सोय राहिली नाही. अमेरिकेत अशा माणसांसाठी तयार संघटना होती, गावोगाव तिच्या शाखा होत्या, निवृत्तांबरोबर नोकरीत असलेलेही सभासद होते आणि कंपनीच तिच्या पाठीशी होती. आपल्याकडे निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत, पण त्यांचा सगळा जीव पेन्शनच्या लढाईत जातो. आणि त्यात त्यांची चूक नाही.

कारण पैशाचा प्रश्न खरा आहे. बेल कंपन्यांच्या कामगारांना १९१३ पासून कंपनीचं निवृत्तिवेतन होतं. आपल्या खासगी कंपनीतल्या कामगाराला वयाच्या ५८ नंतर ईपीएस-९५ ची पेन्शन मिळते आणि तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये ठरलेली आहे. अनेकांना त्यापेक्षा थोडंसंच जास्त मिळतं. कोकणातून आखातात गेलेल्या भावांना तर मायदेशी परतल्यावर पेन्शनच नसते, साठवलेलं असेल तेवढंच. वाळूज, चाकण, भोसरीच्या छोट्या युनिटमध्ये ठेकेदाराकडे राबलेल्यांची गोष्ट त्याहून वेगळी नाही. म्हणून "निवृत्त झालात ना, मग समाजाची खिदमत करा," असं कुणालाही सरसकट सांगणं आम्हाला बरोबर वाटत नाही. ज्याला वॉचमनची नोकरी करावी लागतेय त्याला ती करू द्यावी. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांचं घर चालतंय, पण दिवस जात नाही.

आणि ज्यांना जायचंय पण भाड्याचे पैसे जड जातात, त्यांना प्रवासखर्च देण्यात कमीपणा नाही. अमेरिकेत 'एक्सपिरिअन्स कोअर' नावाचा कार्यक्रम १९९० च्या दशकात सुरू झाला. त्यात वयस्कर माणसं सरकारी प्राथमिक शाळांत जाऊन लहान मुलांना वाचायला शिकवत. बाल्टिमोर शहरात त्यांनी आठवड्याला किमान १५ तास द्यायचे, असं ठरलेलं होतं आणि त्यांना खर्चापुरता छोटा भत्ता मिळे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी या माणसांचा अभ्यास केला. वयाबरोबर मेंदू थोडाथोडा आक्रसत जातो. शाळेत जाणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत दोन वर्षांनी तो आक्रसलेला दिसला नाही, उलट किंचित भरला होता. घरातल्या अब्बांना शाळेत पाठवणं ही फक्त शाळेवरची मेहेरबानी नाही, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

आपल्या शाळेला नेमकं काय हवं असतं

शाळेत गेलेला बुजुर्ग बहुतेकदा भाषण देतो. मुलं टाळ्या वाजवतात, सरांनी आभार मानले की संपलं. हे नको. कंपनीत जे हाताने केलं तेच शाळेत न्यावं.

उदाहरण द्यायचं तर सातवी-आठवीच्या मुलाला अपूर्णांक जड जातात. पावणेचा अर्धा म्हणजे किती, म्हटलं की तो छताकडे बघतो. आमच्या शेजारचे एक चाचा फिटर होते. त्यांनी पोरांपुढे पान्यांचा सेट ठेवला. पाना हातात घे, त्यावरचा आकडा वाच, हा नट अर्ध्या इंचाचा, हा नऊ-सोळांशाचा, कुठला मोठा? मग सूत सांगितलं. एक इंच म्हणजे आठ सूत. पाऊण इंच म्हणजे किती सूत? सहा, पोरं ओरडली. त्याचं निम्मं? तीन. म्हणजे तीन अष्टमांश. ज्या मुलाला पुस्तकातलं तीन-अष्टमांश कळत नव्हतं त्याला तीन सूत लगेच कळलं, कारण ते त्याला पट्टीवर बोट ठेवून दाखवता येत होतं. पुढच्या आठवड्यात चाचांनी व्हर्निअर आणलं. शाळेच्या प्रयोगवहीत ते फक्त आकृतीत असतं. चाचांच्या व्हर्निअरने मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजता येत होता. पोरांनी स्वतःचे केस मोजायचा प्रयत्न केला.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि आमच्या मते ती सर्वांत मोठी आहे. महाराष्ट्रात हजारो मुलं उर्दू माध्यमात शिकतात. मराठी विषय त्यांना असतोच, २०२० च्या कायद्याने तर सर्वच शाळांत तो सक्तीचा आहे. पण घरी, मोहल्ल्यात, मधल्या सुट्टीत मराठी बोलायची वेळच येत नाही. पुढे पोलीस भरतीत, तलाठ्याच्या परीक्षेत, तहसील कचेरीतल्या खिडकीवर ते मूल अडखळतं. हुशार असून मागे पडतं. याउलट कंपनीत पस्तीस वर्षं काढलेल्या अब्बांचं मराठी खणखणीत असतं. सुपरवायझरशी भांडण मराठीत केलेलं, युनियनच्या गेट मीटिंगा मराठीत ऐकलेल्या, सुट्टीचे अर्ज मराठीत लिहिलेले. व्याकरण शिकवायची गरज नाही, ते सरांचं काम. आठवड्यातून दोनदा आठ-दहा मुलांना घेऊन बसायचं, कालचं वर्तमानपत्र वाचायला लावायचं आणि तासभर फक्त मराठीत बोलायचं. मामाला एसटी चुकली म्हणून फोन करायचाय, कर. बँकेत पासबुक भरून हवंय, माग. इतकंच.

हिशेबनीस, टाइमकीपर, स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेल्यांसाठी वेगळं काम आहे. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसेल आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर बसता येतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. म्हणजे चार वर्षांत ४८,०००. एका मुलीची दहावीनंतरची शाळा सुटणार की टिकणार, हे या रकमेवर ठरलेलं आम्ही पाहिलंय. परीक्षेत एक पेपर बौद्धिक क्षमतेचा असतो. आकड्यांची मालिका, आरशातली प्रतिमा, सांकेतिक अक्षरं. हे सरावानेच जमतं आणि सराव घ्यायला कुणी लागतो. शिवाय अर्ज भरायचा, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढायचा, मुलाच्या नावाने खातं उघडायचं, आधारवरचं आणि शाळेतलं नाव जुळवायचं. 'शेख' आणि 'शैख'मधल्या एका मात्रेसाठी पैसे अडकतात. ज्याने आयुष्यभर हजेरीपटातली स्पेलिंगं जुळवली त्याच्याइतकं हे काम कोण नीट करील?

आखातातून आलेले एसी मेकॅनिक, क्रेन ऑपरेटर, सेफ्टीवाले यांनी आयटीआयकडे निघालेल्या मुलांशी बोलावं. कुठला ट्रेड घेतला तर काय काम मिळतं, व्हिसाच्या एजंटाने काय सांगितलं तर सावध व्हायचं, तिकडे पासपोर्ट कंपनी ठेवून घेते म्हणजे काय. हे कुठल्याच पुस्तकात नाही. आणि निवृत्त बायकांना विसरू नका. औषध कंपनीच्या पॅकिंग लाइनवर, कारखान्याच्या टेलिफोन बोर्डवर, हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर काम केलेल्या आपा शाळेत येऊन बसल्या तर मुली त्यांच्यापाशी जे विचारतात ते कुठल्याच सरांना विचारत नाहीत. आयाही अशा ठिकाणी मुलीला बिनधास्त पाठवतात.

जायचं कसं

मुख्याध्यापकांना भेटा, पण "मी शिकवतो" म्हणून नको, "तुमचं काय अडलंय" म्हणून. एकदा एका शाळेत निवृत्त साहेबांनी पहिल्याच दिवशी फळ्यावरची चूक वर्गासमोर दुरुस्त केली. बाई काही बोलल्या नाहीत, पण साहेबांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. चूक खरीच होती, तरीही.

परवानगी लेखी घ्या. केंद्र सरकारचं 'विद्यांजली' नावाचं पोर्टल आहे, ते ७ सप्टेंबर २०२१ ला नव्या रूपात सुरू झालं. सरकारी आणि अनुदानित शाळा त्यावर आपली गरज नोंदवतात, आणि निवृत्त माणसंही स्वयंसेवक म्हणून नाव देऊ शकतात. शाळेने तिथे काही नोंदवलं नसेल तर मुख्याध्यापकांना सांगून नोंदवून घ्या. साधा अर्ज केला तरी चालतो, पण कागद हवा.

मुलांबरोबर बसायचं ते उघड्या वर्गात किंवा व्हरांड्यात, आणि एकट्या मुलाला घेऊन कधीच नाही. तुम्ही कितीही नेक असा, हा नियम मुलाच्या आणि तुमच्या दोघांच्या भल्यासाठी आहे. कुणी तो सुचवला तर रागावू नका. मोहल्ल्यातल्या जिम्मेदार मंडळींनीही "अरे, चाचा आपलेच आहेत" म्हणून तो ढिला करू नये.

रोज जायचा उत्साह पहिल्या महिन्यात येतो आणि दुसऱ्यात विरतो. त्यापेक्षा मंगळवार आणि शुक्रवार सोडून आणखी एक दिवस, असे दोनच दिवस धरा, पण ते वर्षभर पाळा. मुलं वाट बघायला लागतात आणि मग खाडा झाला तर त्यांना तो लागतो. कंपनीत खाडा केला तर पगार कापायचे, इथे काय कापलं जातं ते पहिल्या खाड्यालाच कळेल.

घरच्यांना एक विनंती. त्या दोन दिवशी अब्बांना गॅसच्या नंबरला किंवा नळाच्या प्लंबरसाठी घरी थांबवू नका. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या प्रवाशांना एसटीत अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास आहे. पासष्टच्या आतल्या अब्बांचं भाडं मात्र घरातल्या कमावत्या मुलाने द्यावं, न मागता, खिशात ठेवून.

आमच्या त्या चाचांकडे आता अकरा पोरं येतात. गेल्या आठवड्यात त्यांनी शाळेतला एक संगणक उघडला, रॅम काढून खोडरबराने पुसली आणि परत बसवली. तो चालू झाला. पाच अजून बाकी आहेत, आणि त्यातल्या दोनमध्ये उंदरांनी घर केलंय.